बाळाच्या खोलीतील ओलावा



गेल्या काही दिवसांत खोपोली, नेरळ आणि आमच्या कर्जतमधील मिळून तीन भगिनींनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. घरात नवे बाळ आले आहे; आप्तांपैकी कोणी एक छोटासा ह्युमिडिफायर भेट दिला आहे. पाणी भरून बटण दाबले की त्यातून थंड धुक्यासारखे तुषार निघतात आणि खोलीतील हवा ओलसर होते. तो बाळाच्या खोलीत लावावा की लावू नये? त्यांपैकी एकीने पुढे असेही विचारले, "परदेशात तर प्रत्येक बाळाच्या खोलीत असतो म्हणतात. मग आपल्याकडे का नको?"

या प्रश्नाला "हो" किंवा "नाही" असे एका शब्दाचे उत्तर नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरी या यंत्राने आणि माझ्या स्वतःच्या अट्टाहासाने मिळून जो प्रसंग ओढवला, तो आधी सांगते. त्यात कोणाचा दोष किती, हे वाचकांनीच ठरवावे.

आमच्या सुनेचे माहेर जालन्याचे. पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झाले. जून महिन्यातील जालना म्हणजे कोरडी, तापलेली हवा. दारात कूलर, खोलीत एसी. त्यात बाळाच्या नाकात सुकी खपली धरू लागली. सुनेच्या भावाने प्रेमाने एक ह्युमिडिफायर आणून दिला आणि तिथे त्याचा उपयोगही झाला असावा. दीड महिन्यांचे बाळ घेऊन सून श्रावणात कर्जतला आली. पुण्याहून बोरघाट उतरताना बाळाच्या दुपट्यांबरोबर तेही यंत्र सामानातून खाली उतरले.

घाटाच्या माथ्यावरील हवा आणि पायथ्याची हवा यांत केवढे अंतर! पश्चिमेकडून समुद्राची वाफ घेऊन आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि आपल्या अंगणात रिते होतात. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शेजारच्या माथेरानवर तो पाच हजारांच्या आसपास जातो. घाट ओलांडून मराठवाड्यात पोहोचेपर्यंत तेच ढग जवळजवळ रिकामे झालेले असतात. जालन्याला जे यंत्र गरजेचे वाटले, तेच श्रावणातल्या कर्जतमध्ये काय करील याचा विचार आम्ही कोणीच केला नाही.

सून रोज रात्री यंत्रात नळाचे पाणी भरून ते पाळण्याजवळच्या टेबलावर सुरू करीत असे. आणि मी? मी माझ्या परीने बाळंतिणीची खोली "सांभाळत" होते. पावसाचा गार वारा लागू नये म्हणून खिडक्या घट्ट बंद. सकाळ-संध्याकाळ शेगडीत निखारे घालून त्यावर ओवा आणि वावडिंग यांची धुरी. बाहेर पाऊस असल्याने बाळाची लंगोटे आणि दुपटीही त्याच खोलीत दोरीवर. सुनेने एकदा हळूच म्हटले, "आई, धुराने बाळाचे डोळे चुरचुरत असतील." मी म्हणाले, "अगं, तुझ्या नवऱ्यालाही अशीच धुरी दिली होती. काही झाले नाही." तिच्या यंत्राबद्दल मी नाराज होते आणि माझ्या धुरीबद्दल ती. दोघींनीही एकमेकींच्या मनाला जपून आपापला हट्ट चालू ठेवला.

भाद्रपद उजाडेपर्यंत खोलीत कुबट वास येऊ लागला. पाळणा सरकवून पाहिले तर मागच्या भिंतीवर आणि कपाटाच्या पाठीवर काळे ठिपके पसरलेले. बाळाची छाती घुरघुरत होती. एका रात्री त्याचा श्वास जलद चालू लागला, ते दूध सोडून रडू लागले आणि बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाऊ लागली. भर पावसात आम्ही त्याला घेऊन दवाखाना गाठला. दोन रात्री त्याला तेथे ठेवावे लागले. त्या दोन रात्रींत मी आणि सून एकाच बाकावर बसलो होतो. मात्र बोललो फारसे नाही.

बालरोगतज्ज्ञांनी कोणालाही दोष दिला नाही. ते म्हणाले की आजाराचे मूळ बहुधा साध्या विषाणूत असावे, पावसाळ्यात अशी मुले पुष्कळ येतात. मात्र कोंदटपणा, बुरशी आणि धूर यांनी चिमुकल्या श्वासनलिकांवरचा भार वाढतो. मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, "खोलीत ओलावा किती आहे, तो कधी मोजला का?"

या प्रश्नाने माझे यजमान सर्वांत अधिक ओशाळले. आमचे किराणा-भुसाराचे दुकान तीन पिढ्यांचे. हवेतला ओलावा ओळखण्यात भुसार व्यापाऱ्याचा हात कोण धरील? गुळाची ढेप पाझरू लागली, मीठ पाणी सोडू लागले, पापड वाकू लागला, खाकरा डब्यातच मऊ पडला की दुकानदार समजतो, हवा बदलली. जूनच्या आत पोत्यांची थप्पी फळ्यांवर चढते आणि भिंतीपासून हातभर दूर सरकते. भात घेताना दाणा दाताखाली फोडून पाहणारे आमचे सासरे होते. आता ओलावा मोजायचे यंत्र आहे. सरकारी भातखरेदीतदेखील ओलाव्याची मर्यादा १७ टक्के अशी आखून दिलेली असते. त्यावरचे भात परत जाते. यजमान दवाखान्याच्या व्हरांड्यात मला म्हणाले, "अगं, तांदळाच्या पोत्याला आपण भिंत लागू देत नाही आणि लेकराचा पाळणा भिंतीला लावून ठेवला."

दुसऱ्या दिवशी ते हवेतील ओलावा दाखवणारे एक छोटे घड्याळासारखे उपकरण घेऊन आले. त्याला हायग्रोमीटर म्हणतात आणि ते काही शे रुपयांत मिळते. बाळाच्या खोलीत ते ठेवले तर, यंत्र बंद असूनही, आकडा ऐंशीच्या पुढे होता.

या आकड्याचा अर्थ समजून घेऊ. हवा ठरावीक तापमानाला जेवढी वाफ धरू शकते, तिच्या शेकडा किती वाफ तिच्यात आहे, ते हा आकडा सांगतो. घरातील हवेसाठी हे प्रमाण साधारण तीस ते पन्नास टक्के असावे आणि साठच्या वर जाऊ नये, असे अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. साठच्या पुढे बुरशी फोफावते आणि गाद्या-उशांतील सूक्ष्म धूळकिडे वाढतात. तीसच्या खाली गेले तर नाक, घसा आणि त्वचा कोरडी पडते. आपल्याकडील पावसाळ्यात पन्नासचा आकडा गाठणे अवघडच; परंतु ऐंशीच्या खोलीत आणखी पाणी उडवणे म्हणजे पाझरत्या गुळावर पाणी शिंपडणे होय.

मग परदेशात हे यंत्र घरोघरी का असते? कारण तेथील हिवाळा. बाहेर बर्फासारखी थंड हवा असते आणि थंड हवेत वाफ फारच थोडी मावते. तीच हवा घरात घेऊन तापवली की तिची वाफ धरण्याची ताकद वाढते, पण वाफ तेवढीच राहते. म्हणून ती हवा कोरडीठाक होते. महिनोन्‌महिने दारे-खिडक्या बंद आणि आत तापवलेली हवा, अशा घरातील बाळासाठी तो सल्ला आहे. लंडन किंवा न्यू जर्सी येथे राहणाऱ्या आपल्या मुली-सुनांसाठी तो योग्यही आहे. तो सल्ला जसाच्या तसा श्रावणातल्या खालापूरला लागू होत नाही.

याचा अर्थ आपल्याकडे कोरडी हवा कधीच नसते, असे नव्हे. पौषापासून फाल्गुनापर्यंत घाटावरून खाली उतरणारे पूर्वेचे वारे सुटले की दुपारची हवा चांगलीच कोरडी होते, जरी उल्हास नदीच्या काठी पहाटे धुके असले तरी. ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, दोरीवरचे कपडे तासाभरात कडक वाळतात. दुसरा प्रसंग एसीचा. आता कर्जत-नेरळ भागातील नव्या इमारतींतून बंद काचा आणि रात्रभर एसी ही रीत झाली आहे. एसीच्या नळीतून बादलीत जे पाणी ठिबकते, ते खोलीच्या हवेतूनच काढलेले असते. म्हणून एसीच्या खोलीत हवा कोरडी होऊ शकते. परंतु एका यंत्राने पाणी काढायचे आणि दुसऱ्याने भरायचे, हा जमाखर्च व्यापाऱ्याच्या घरात कोणी लिहीत असेल तर त्याला प्रथम एसीचे तापमान दोन-तीन अंशांनी वाढवून पाहा, असे सुचवावेसे वाटते.

तेव्हा पहिला नियम असा: आधी मोजावे, मग ठरवावे. आकडा चाळीसच्या वर असेल तर यंत्राची गरजच नाही. तो सतत पस्तीसच्या खाली राहत असेल आणि बाळाचे नाक खपलीने चोंदत असेल, तर ओलावा देण्याचा विचार करावा. त्यासाठीही प्रथम स्वच्छ धुतलेली एक-दोन ओली दुपटी रात्री दोरीवर वाळत घालून पाहावी. पुष्कळदा तेवढ्याने भागते. पावसाळ्यात जी दुपटी खोलीबाहेर हवीत, तीच माघात खोलीत उपयोगी पडतात.

आता यंत्राच्या पाण्याविषयी. माझ्या मते या विषयाचा गाभा येथेच आहे आणि भेट देणारे आप्त नेमके हेच सांगत नाहीत.

बाजारात सर्वाधिक दिसणारी छोटी यंत्रे ध्वनिकंपनांवर चालतात. त्यांतील चकती अतिशय वेगाने कंप पावते आणि पाण्याचे बारीक तुषार करून हवेत फेकते. पातेल्यातून वाफ निघते तेव्हा पाण्यातील क्षार खाली राहतात. येथे तसे होत नाही. पाण्यात जे असेल ते सर्व तुषारांबरोबर उडते आणि बाळाच्या श्वासातून फुप्फुसांत उतरू शकते. पाणी क्षारयुक्त असेल, जसे बोअरवेलचे पुष्कळदा असते, तर फर्निचरवर पांढरी भुकटी बसते. ती भुकटी दिसते म्हणून कळते. पाण्यातील जंतू दिसत नाहीत.

भूमध्य समुद्रातील सायप्रस या देशात डिसेंबर २००८ मध्ये एका रुग्णालयाच्या नवजात-कक्षात अशाच थंड तुषारांच्या यंत्रात नळाचे पाणी भरले गेले. त्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू होते. नऊ नवजात बालकांना संसर्ग झाला आणि त्यांपैकी तीन दगावली. ती बालके पूर्ण दिवस भरलेली होती. रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली जे घडू शकते, ते घरात घडणार नाही असे कसे म्हणावे?

दुसरी गोष्ट दक्षिण कोरियाची. जंतूंच्या भीतीने तेथे यंत्राच्या पाण्यात घालण्याची जंतुनाशके १९९४ पासून बाजारात आली. आईबापांनी ती विश्वासाने, बाळाच्या भल्यासाठी वापरली. पाणी स्वच्छ राहिले. पण ते रसायन तुषारांतून फुप्फुसांत गेले. २०११ मध्ये गर्भवती व बाळंत स्त्रियांना जडलेल्या विचित्र फुप्फुसविकाराचा माग काढताना कारण सापडले आणि ती जंतुनाशके मागे घेण्यात आली. तोवर शेकडो जीव गेले होते, त्यांत लहान मुले पुष्कळ होती. जे पोटात गेल्यास फारसे बाधत नाही किंवा हातावर लागल्यास चालते, ते श्वासात चालेलच असे नाही, हा त्यातील धडा. म्हणून या पाण्यात काहीही घालू नये: जंतुनाशक नको, निलगिरीचे तेल नको, सुगंधी अर्क नको, ओव्याचा अर्क नको आणि कापूर तर मुळीच नको. कापूर तान्ह्या बाळाला झटके आणू शकतो.

हे काही नवे शहाणपण आहे असे समजू नये. कापडाच्या व्यापारातील आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल की कोरड्या हवेत सुताचा धागा तुटतो, म्हणून कापड गिरण्यांतून मुद्दाम ओलावा सोडला जात असे. आपल्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ साली ज्या मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, त्या गिरण्यांत हा विषय नित्याचा होता. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात पंधरावे कलम केवळ याच विषयाचे होते. कारखान्यात हवा कृत्रिमरीत्या ओलसर करायची असेल तर त्यासाठीचे पाणी सार्वजनिक पुरवठ्याचे किंवा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतातील असावे, अन्यथा ते आधी परिणामकारकपणे शुद्ध केलेले असावे, असे ते सांगत असे. धडधाकट कामगारासाठी कायद्याने पिण्याचे पाणी मागितले. दोन महिन्यांच्या बाळासाठी आपण त्याहून कमी काळजी कशी घेऊ?

आणि पाण्याची काळजी आपल्या घरांना शिकवावी लागते काय? जाड वस्त्र दुहेरी करून पाणी गाळणे, जिवाणी जपून पोहोचवणे, पाणी उकळून घेणे, हे आपल्या स्वयंपाकघरांत आजी-पणजीपासून चालत आले आहे. उकळलेल्या पाण्यालाही आपल्याकडे काळाची मर्यादा आहे: चातुर्मासात तीन प्रहर, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच. चार प्रहर म्हणजे बारा तास. हिवाळ्यातील एका रात्रीपुरते यंत्र चालवून सकाळी पाणी काढून टाकावे, असा हिशेब आपोआप जुळतो. पण गंमत अशी की जे घर पिण्याच्या पाण्याचे प्रहर मोजते, त्याच घरात यंत्राच्या टाकीतील पाणी चार-चार दिवस साचून राहते. पिण्याचे पाणी पोटात जाते, तुषार श्वासात जातात. दोहोंपैकी कोणते अधिक जपावे?

जयणेच्या दृष्टीनेही पाहावे. विनाकारण पाणी उडवणे हा अप्कायाचा अपव्यय आहेच. शिवाय भिंतीवर शेवाळ-बुरशी एकदा उगवली की ती घासून काढताना होणारी हिंसा टाळता येत नाही. ती उगवूच न देणे हीच खरी जयणा. आमच्या घरी भिंत पुसताना यजमानांचे हात जड झाले होते, ते मी पाहिले आहे.

यंत्र वापरावेच लागले तर आमच्या घरी नंतर ठरलेली पद्धत सांगते. अन्यांनी ती आपल्या डॉक्टरांना विचारून स्वीकारावी.

यंत्र थंड तुषारांचेच घ्यावे. गरम वाफेचे यंत्र रांगत्या मुलाच्या हाती लागले किंवा कलंडले तर भाजण्याचा धोका असतो. म्हणून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही थंड तुषारांचेच सुचवते. पाणी उकळून निववलेले असावे. उकळल्याने जंतू मरतात पण क्षार जात नाहीत, म्हणून आरओ फिल्टरचे पाणी उकळून वापरणे अधिक बरे. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळते ते पाणी आणू नये. ते कोणाच्या श्वासासाठी बनवलेले नसते. सायंकाळी उकळावे, रात्री वापरावे, सकाळी उरलेले कोरड्या जागी परठवावे आणि टाकी स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसून उलटी ठेवून वाळवावी. टाकी दिवसभर कोरडी राहिली पाहिजे. दर तिसऱ्या दिवशी आतील क्षारांचा थर काढावा. त्यासाठी पांढरा सिरका वापरतात. ज्या घरात सिरका येत नाही तेथे लिंबूसत्त्वाचे पाणी चालते. नंतर पुन्हा उकळून निववलेल्या पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्यावे.

यंत्र पाळण्यापासून चार-पाच हात दूर, उंच आणि पक्क्या जागी ठेवावे. तुषार बाळाच्या तोंडावर, अंथरुणावर किंवा पडद्यावर पडू नयेत. ओलावा मोजणारे उपकरण पाळण्याजवळ ठेवावे आणि आकडा पन्नासला पोहोचताच यंत्र बंद करावे. खिडकीच्या काचेवर दव धरू लागले तर ती धोक्याची घंटा समजावी. दिवसा ऊन असताना तास-दोन तास खिडक्या उघडाव्यात. पाळणा आणि कपाट भिंतीपासून हातभर दूर असावे, जशी आपली पोत्यांची थप्पी असते.

पावसाळ्यात याच्या उलट वागावे. यंत्र कपाटात. दुपटी दुसऱ्या खोलीत, पंख्याखाली वाळवावीत. पाऊस थांबताच खिडक्या उघडाव्यात. भिंत ओली होत असेल तर रंग लावून झाकण्याआधी गळती कोठे आहे ते शोधावे. आणि धुरी बंद. हे लिहिताना मला जड जाते, कारण ही माझ्या सासूबाईंची रीत होती आणि तिच्यामागे माया होती. पण निखाऱ्यांचा धूर, मच्छर-अगरबत्तीचा धूर, धूपाचा दाट धूर, यांपैकी कशालाही बाळाच्या खोलीत स्थान नसावे. आमच्या मुलाला काही झाले नाही, हे त्याचे भाग्य. त्यावरून नियम ठरत नाही.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. ह्युमिडिफायर हे औषध नव्हे. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेते, म्हणून नाक चोंदले की ते दूध पिताना अस्वस्थ होते. अशा वेळी डॉक्टरांनी सांगितलेले मिठाच्या पाण्याचे थेंब आणि थोडे-थोडे, वारंवार पाजणे यांचा उपयोग होतो. पण पुढील खुणा दिसल्या तर यंत्राचे बटण शोधू नये, तडक डॉक्टर गाठावा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, आणि दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा त्याहून अधिक असतील तर श्वास जलद समजावा. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडणे, कण्हणे, ओठ निळसर होणे, दूध न पिणे, बाळ मलूल पडणे यांपैकी काहीही असले तर एक रात्रही थांबू नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाचा ताप ३८ अंश सेल्सियसला पोहोचला तरी तेच. आमच्या कर्जत-खालापूर भागात पावसाळी रात्री रस्ते कधी बंद होतील याचा नेम नसतो. म्हणून "सकाळी पाहू" हे शब्द तान्ह्या बाळाच्या बाबतीत टाळावेत.

दवाखान्यातून घरी आल्यावर मी शेगडी माळ्यावर टाकली आणि सुनेने यंत्र धुऊन, वाळवून खोक्यात ठेवले. कोणी कोणाला काही सांगितले नाही. पुढे माघात पूर्वेचा वारा सुटला, उपकरणातील आकडा पस्तीसच्या खाली आला आणि बाळाच्या नाकात पुन्हा खपली दिसू लागली. तेव्हा मीच सुनेला म्हटले, "बेटा, तुझे यंत्र काढ. पाणी मी उकळून ठेवते." तिने माझ्याकडे पाहिले आणि हसून खोके उतरवले. दहा-बारा रात्री ते चालले. वारा बदलताच पुन्हा खोक्यात गेले. त्यानंतर ते तसेच आहे.

नातू आता दोन वर्षांचा आहे. आजोबांच्या मांडीवर बसून गल्ल्यातील नाणी मोजण्याचे सोंग करतो आणि संधी मिळताच गुळाच्या ढेपेत बोट घालतो. ओलावा मोजणारे ते छोटे उपकरण यजमानांनी आता दुकानात नेले आहे. रोज सकाळी दुकान उघडले की ते आधी त्यावरचा आकडा पाहतात आणि मग घरी फोन करून सुनेला विचारतात, "खिडकी उघडली का?"

पुढील अंकी पावसाळ्यात मुलांचे कपडे आणि अंथरुणे कोरडी ठेवण्याच्या काही जुन्या-नव्या युक्त्या पाहू. आपल्या घरच्या युक्त्या अवश्य कळवाव्यात.

जय जिनेंद्र.